कोळंब्या मेल्या, गोगलगाई जगल्या: ठाण्यातल्या एका रिफ टँकचं प्रकरण

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावर हा रिफ टँक आहे, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळवस्तीसारखा सजवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. चार फूट लांब, दीड फूट रुंद. खालची पूरक टाकी (संप) धरून साधारण ३०० लिटर खारं पाणी. टँक सांभाळणाऱ्या बाई बँकेत नोकरी करतात. मी त्यांना ताई म्हणतो. त्यांचं नाव घालायचं नाही एवढ्या एकाच अटीवर त्यांनी हे प्रकरण लिहायला होकार दिला, आणि स्वतःची नोंदवहीही हाती दिली. ती वही नसती तर हा गुंता सुटला नसता.

टँक वर्ष उलटून गेलेला, म्हणजे चांगला बाळसं धरलेला होता. मासे मोजकेच: क्लाउनफिशची जोडी, एक फायरफिश आणि वाळूत बीळ करून राहणारा पिवळा गोबी. बाकी सगळी बिनकण्याची मंडळी. दोन क्लीनर कोळंब्या, लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या. गोबीच्या बिळात त्याच्यासोबत राहणारी एक पिस्टल कोळंबी. सात-आठ हर्मिट खेकडे. काचेवरचं शेवाळ खरवडणाऱ्या टर्बो आणि ट्रोकस गोगलगाई. वाळूत दडून बसणाऱ्या आणि खाणं पडलं की सोंड वर काढणाऱ्या नासारियस. एक ब्रिटल स्टार, दोन फेदर डस्टर, एक बबल-टिप अ‍ॅनिमोन, थोडे मशरूम आणि झोअँथिड (कडक सांगाडा नसलेले प्रवाळाचे भाऊबंद).

कडक सांगाड्याचं प्रवाळ त्यांनी ठेवलेलं नाही, आणि ते मला मनापासून आवडलं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी खडक बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे आणि काही मोठे शंख-शिंपले घातले गेले. म्हणजे कायद्याच्या लेखी त्यांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. तरीही मालवणच्या बाजूचा तुकडा, रत्नागिरीचा तुकडा असं सांगून माल विकायला येणारे अधूनमधून भेटतात. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथला तोडलेला तुकडा ज्या घरात दिसेल त्या घरचा टँक मी बघत नाही.

आता मूळ गोष्ट. जुलैच्या मध्यावर एक क्लीनर कोळंबी मेली. आठवड्याभराने दुसरी. मग पिस्टल कोळंबी दिसेनाशी झाली. ऑगस्ट लागेपर्यंत हर्मिट खेकडे शंखातून अर्धे बाहेर लोंबकळलेले सापडू लागले. हर्मिट मरताना बहुधा शंखाची पकड सोडतो, त्यामुळे ते बघायलाही वाईट वाटतं. मेलेल्यांच्या जागी नव्या कोळंब्या आणल्या. व्यवस्थित, थेंब-थेंब पाणी सोडून दीड-दोन तास सवय करून सोडल्या. त्याही आठवडाभर टिकल्या नाहीत.

मासे मात्र ठणठणीत. क्लाउनफिश त्याच काळात अंडी घालत होते.

ताईंनी चार जणांना विचारलं, तेव्हा चार औषधं मिळाली. दुकानदार म्हणाला आयोडीन कमी आहे, कात टाकता येत नसेल. एक बाटली दिली. दुसऱ्या एका हौशी मित्राने खडकातल्या केसाळ अळ्यांवर बोट ठेवलं, कारण मेलेल्या कोळंबीवर त्या जमलेल्या होत्या. तिसऱ्याने खडकात मँटिस (कोळंबी-खेकडे मारून खाणारा कवचधारी प्राणी) लपला असणार म्हणून सगळे दगड बाहेर काढायला लावले. चौथ्याचं निदान ठाम होतं: तांबं. लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीवांनी भरलेला समुद्री दगड) कुणाच्या तरी जुन्या टँकमधून आलेला असेल, तिथे माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर कॉपरचं औषध दिलं असेल, दगडाने ते शोषून घेतलं आणि आता हळूहळू पाण्यात सोडतोय.

यातलं शेवटचं निदान हसण्यावारी नेण्यासारखं अजिबात नाही. क्रिप्टोकॅरिऑनवर, म्हणजे त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर, कॉपर हेच जुनं आणि खात्रीचं औषध आहे. चुनखडीचा दगड ते खरोखर धरून ठेवतो, आणि असे दगड विकतही घेतले जातात. शंकेची दिशा बरोबर होती. पण तांब्यावर बोट ठेवण्याआधी एक साधी गोष्ट बघायला हवी होती: मेलं कोण आणि जगलं कोण.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ताईंनी फोनवर काढलेलं चित्रण दाखवलं. मला सगळ्यांत महत्त्वाचं तेच वाटलं. कोळंबी आधी बिथरल्यासारखी काचेवरून वर-खाली धावते, मध्येच शेपटी आपटून मागे उसळते, दगडावर उतरते, पाय धरत नाहीत. मग कुशीवर पडते. पोटाखालचे पोहायचे पाय मात्र हलत राहतात, एका लयीत नव्हे, झटके आल्यासारखे. मिशा ताठ. हे तासभर चालतं. कात टाकताना अडकलेली कोळंबी अशी वागत नाही. ती एका जागी गप्प पडते आणि जुनं कवच अर्धवट निघालेलं डोळ्यांना दिसतं.

कातीबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण नवीन माणसाची इथे हमखास गल्लत होते. टाकलेली कात उचलली तर वजन लागत नाही. ती आरपार दिसते, पाठीचं कवच आणि शेपटीचा भाग जिथे जुळतात तिथे उकललेली असते, आणि आत काही नसतं. मेलेली कोळंबी काही तासांत अपारदर्शक, दुधाळ-गुलाबी होते आणि मांसाने भरलेली असते. ताईंना हा फरक नीट माहीत होता. वहीत 'कात' आणि 'मृत' असे दोन वेगळे रकाने होते, आणि जूनपर्यंत काती अगदी वेळेवर पडत होत्या. आयोडीनचा मुद्दा तिथेच संपला. जी कोळंबी मीठमिश्रणाचं पाणी बदललं की पुरेसं आयोडीन मिळून आठ महिने कात टाकत आली, तिला जुलैतच अचानक ते कमी पडायचं काही कारण नाही.

पाणी तपासलं. खारेपणाचं विशिष्ट गुरुत्व १.०२५, रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावाने जुळवून घेतलेला. तापमान २६ अंश. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८.३ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०. अमोनिया शून्य, नायट्रेट १० च्या आसपास. कॉपरच्या किटवर काही आलं नाही, पण त्यावर मी विसंबत नाही. घरगुती किटला जे रंगात दिसतं त्याच्या बऱ्याच खाली तांबं कोळंबीला त्रास द्यायला सुरुवात करतं. एकूण पाणी बघून कुणीही म्हटलं असतं की सगळं छान आहे.

म्हणून उलट बाजूने सुरुवात केली. बिनकण्याचे म्हणून आपण या सगळ्या प्राण्यांना एका पंक्तीला बसवतो, पण गोगलगाय आणि कोळंबी यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढं आपल्यात आणि क्लाउनफिशमध्येही नाही. गोगलगाय मृदुकाय, ब्रिटल स्टार कंटकचर्मी, फेदर डस्टर वलयी, अ‍ॅनिमोन आणि झोअँथिड निडारिया, आणि कोळंबी-खेकडे संधिपाद. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, मर्मस्थान वेगळं. टँकमध्ये काही बिनसलं की कुठला गट पहिला कोलमडतो ते बघावं. महागड्या किटनेही एवढी माहिती मिळत नाही.

खारेपणा झटक्याने वर-खाली झाला असता तर ब्रिटल स्टारने आधी दाखवलं असतं. कंटकचर्मींच्या अंगातल्या नळ्यांमधून समुद्राचं पाणीच खेळत असतं, त्यांना हा धक्का फार लागतो. हात गळायला लागतात. त्याचे पाचही हात शाबूत होते, आणि रात्री कोळंबीचा तुकडा टाकला की दगडाखालून लगेच हात बाहेर. प्राणवायू कमी पडला असता तर मासे वरच्या थराला येऊन धापा टाकताना दिसले असते. अल्कलिनिटी घसरली-चढली असती तर मशरूम आणि झोअँथिड मिटले असते. आणि तांबं असतं तर गोगलगाई गेल्या असत्या. गोगलगाय आणि कोळंबी दोघांच्याही रक्तात प्राणवायू वाहणारं हिमोसायनिन तांब्यावरच चालतं, पण पाण्यात सुटं तांबं वाढलं की दोघांनाही ते विष होतं. ट्रोकस काचेवरून सुटून उलट्या पडतात, अ‍ॅनिमोन आक्रसतो, फेदर डस्टर पिसारा टाकून देतो. इथे ट्रोकस काचेवर अंडी-शुक्राणू सोडत होत्या, पाणी धुरकट होईपर्यंत. त्या टँकमधल्या तांब्याची खरी चाचणी म्हणजे त्या गोगलगाई, आणि निकाल स्वच्छ होता.

राहिला मँटिस. दगड काढून काही सापडलं नव्हतं, तरी एखादा लपू शकतो. त्यासाठी मी ताईंना सांगितलं, रात्री दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बघा. जमलेल्या रिफ टँकच्या काचेवर त्या वेळी पांढरे ठिपके सरकत असतात, मिलिमीटरपेक्षाही लहान, थांबत-थांबत उड्या मारणारे. ते कोपेपॉड. संपमधल्या शेवाळाच्या गुंताळ्यात त्याहून मोठे, वाकड्या पाठीचे अ‍ॅम्फिपॉड असतात. गुंताळा हलवला की भराभर निसटतात. त्या रात्री ताईंचा फोन आला: काचेवर एकही नाही. सकाळी संप बघितला, गुंताळ्यात मेलेल्या अ‍ॅम्फिपॉडचा पांढरा गाळ. मँटिस कोळंबीला मारेल, हर्मिटही फोडेल. पण काचेवरचे हजारो कोपेपॉड तो टिपून खात बसणार नाही.

म्हणजे मेले ते सगळेच्या सगळे संधिपाद. लहान-मोठे, नवे-जुने, टँकमधले आणि संपमधले. जगले ते बाकीचे सगळे. असं निवडून मारणारी घरात एकच वस्तू असते, कारण ती त्याच गटासाठी बनवलेली असते: कीटकनाशक. डास, झुरळ, कोळंबी, खेकडा हे एकाच गोतातले.

हे एकदा ध्यानात आल्यावर मला वाटलं की आता पाच मिनिटांत उलगडा होईल. झालं उलटच. डासांचं मशीन लावता का? नाही, सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, घरात कॉइल, मशीन, उदबत्ती काही चालत नाही. सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत. झुरळांचा स्प्रे? नाही, ओट्याखाली जेलचे ठिपके, तेही दोन वर्षांपासून तेच. कुत्रा-मांजर, गोचिडांचा शाम्पू, पावडर? नाही. टँकमध्ये हात घालण्याआधी अंगाला डास पळवणारं क्रीम? नाही. मी ज्या घरांत जातो त्यांतल्या अनेक घरांपेक्षा हे घर या बाबतीत स्वच्छ होतं.

उत्तर सासूबाईंकडून आलं. त्या आतल्या खोलीतून ऐकत होत्या.

"अगं, गुरुवारी तो धूर मारून जातात ना खाली, त्याच रात्री मरतात हे. मी दोनदा म्हटलं तुला."

ताई म्हणाल्या, "पण आई, आपण खिडक्या बंद करून घेतो. आणि मागच्या पावसाळ्यातही मारतच होते की. तेव्हा कुठे काय झालं?"

दोन्ही आक्षेप रास्त होते. वही काढली, तारखा लावल्या. मृत्यूच्या नोंदी सगळ्या शुक्रवार-शनिवारच्या होत्या. सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण निघाल्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी कंत्राटदाराचा माणूस खांद्यावर यंत्र घेऊन आवारात धूरफवारणी करत होता. आणखी एक नोंद तितकीच बोलकी निघाली: स्किमरचा (पाण्यात हवा घुसळून फेसासोबत घाण वर काढणाऱ्या यंत्राचा) कप इतर दिवशी गडद काळ्या पाण्याने भरायचा आणि शुक्रवारी रिकामा. ताईंनी समोर लिहिलं होतं, 'फेस बसला, पंप साफ केला.' स्किमरचा फेस असा अचानक बसतो तो तेलामुळे. धूरफवारणीचं औषध डिझेलमध्ये कालवून तापवतात, तेव्हाच तो दाट पांढरा धूर होतो. त्या धुरातलं तेल या पाण्यापर्यंत पोहोचत होतं.

पण खिडक्या बंद असताना पोहोचत होतं कुठून? आणि मागच्या वर्षी का पोहोचलं नाही? वहीत मागे गेलो. मे महिन्यात दिवसभर एसी, घर बंद, घरात पाच माणसं, पीएच ७.८ ला रेंगाळत होता. घरातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठला की तो पाण्यात उतरतो आणि पीएच खाली ओढतो. यावर रिफवाल्यांचा एक सर्वमान्य उपाय आहे: स्किमर जिथून हवा ओढतो ती नळी लांबवून खिडकीबाहेर काढायची, म्हणजे त्याला बाहेरची ताजी हवा मिळते. ताईंनी जूनच्या अखेरीस तेच केलं होतं. खिडकीच्या चौकटीला भोक पाडून नळी बाहेर, तोंडाला जाळीचा तुकडा. पीएच ८.१ वर गेला. वहीत त्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. पहिल्या मजल्यावरची ती खिडकी, खाली झाडांची रांग, आणि डास झाडांत असतात म्हणून फवारणारा माणूस सगळ्यांत जास्त वेळ तिथेच थांबायचा.

स्किमर तासाला शेकडो लिटर हवा ओढतो आणि ती अगदी बारीक बुडबुड्यांत फोडून पाण्यात घुसळतो. हवेतलं जे काही आहे ते पाण्याला देण्यासाठी याहून कार्यक्षम यंत्र घरात दुसरं नाही. घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि टँकचं नाक मात्र धुरात होतं.

सोसायटीच्या ऑफिसात जाऊन कंत्राटदाराच्या डब्यावरचं लेबल बघितलं. सायफेनोथ्रिन. हे पायरेथ्रॉइड कुळातलं औषध. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फुलांत जे नैसर्गिक कीटकनाशक असतं, त्याच्या धर्तीवर बनवलेली ही सगळी रसायनं: सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, मशीनच्या रिफिलमधलं ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन. नसांमधून संदेश जाताना सोडियमची जी सूक्ष्म दारं उघडतात आणि मिटतात, ती दारं ही रसायनं मिटू देत नाहीत. नस पेटलेलीच राहते. चित्रणात दिसलेली धावाधाव, उसळ्या, ते झटके, सगळं याच्याशी जुळतं. 'हर्बल', 'नैसर्गिक' लिहिलेल्या पायरेथ्रमच्या फवाऱ्यानेही कोळंबीचं हेच होतं, हेही इथेच सांगून ठेवतो.

कोळंबी-खेकड्यांना हे किती झोंबतं याचा मोठा पुरावा टँकबाहेरचा आहे. नॉर्वे आणि स्कॉटलंडमध्ये सामन मासे पिंजऱ्यात वाढवतात. त्यांना सी लाइस नावाच्या परजीवी कवचधारी प्राण्यांचा त्रास होतो, आणि त्यावर माशांना सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनच्या पाण्यात आंघोळ घालत आले आहेत. मासा जगतो, लाइस मरतात. एवढ्या फरकावरच तो उपचार उभा आहे. कॅनडात न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर, बे ऑफ फंडीत, २००९ च्या अखेरीस मेलेले लॉबस्टर सापडले. तपासात सायपरमेथ्रिन निघालं, ज्याच्या समुद्रातल्या वापराला तिथे परवानगीच नव्हती. एका सामन कंपनीने २०१३ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. आपल्या टँकमध्ये क्लाउनफिश अंडी घालत असताना कोळंब्या का मरत होत्या, हे यातून कळतं. मासे पूर्ण सुरक्षित आहेत असा याचा अर्थ कुणी काढू नये. मात्रा वाढली की पायरेथ्रॉइड माशांनाही मारतं, आणि तेही झपाट्याने.

हे सगळं जुळत होतं, तरी मला पुरावा हवा होता, कारण पायरेथ्रॉइड दाखवणारं घरगुती किट मिळत नाही आणि जुळणाऱ्या तारखा माणसाला फसवूही शकतात. मग बरण्यांची परीक्षा केली. बुधवारी टँकचं पाणी एका स्वच्छ काचेच्या बरणीत काढून झाकून ठेवलं. गुरुवारी नळी होती तशीच राहू दिली. मारायला आता टँकमध्ये संधिपाद उरलेच नव्हते. शुक्रवारी सकाळी दुसरी बरणी भरली. तिसरीत ताजं कालवलेलं खारं पाणी. प्रत्येकीत माझ्या घरच्या टँकमधले दहा-दहा अ‍ॅम्फिपॉड, थोडं शेवाळ, सारख्याच आकाराचा हवेचा दगड, आणि हवेचा पंप माझ्या घरी, खिडकीपासून लांब. शनिवारी सकाळी बुधवारच्या आणि ताज्या पाण्याच्या बरणीत सगळे शेवाळाला बिलगलेले होते. शुक्रवारच्या बरणीत सात जण तळाशी कुशीवर, पाय झाडत. संध्याकाळपर्यंत दहाही गेले. नेमकं कुठलं रसायन हे बरणी सांगत नाही, पण गुरुवारी पाण्यात काहीतरी उतरलं आणि ते संधिपादांना मारतं, एवढं तिने दाखवून दिलं. ज्यांच्याकडे अ‍ॅम्फिपॉड नाहीत त्यांनी ब्राइन श्रिंपची पिल्लं वापरली तरी चालेल; फक्त ती थोडी दणकट असतात, त्यामुळे ती जगली म्हणून पाणी निर्दोष असं समजू नये.

त्याच शनिवारी नळी आत घेतली आणि चौकटीचं भोक सिलिकॉनने बुजवलं. ताईंच्या मनात नळी बाहेरच ठेवून गुरुवारी तेवढा व्हॉल्व्ह बंद करायचं होतं. मी नको म्हटलं. फवारणी कधी बुधवारी होते, कधी शेजारच्या सोसायटीत होते, कधी महापालिकेची गाडी न सांगता येते. माणसाच्या लक्षात राहण्यावर टँक टांगून ठेवू नये. पीएच परत ७.९ वर आला, आणि तो तिथेच राहू दिला. ७.९ ला यातलं कुणी कधी मेलेलं नव्हतं. आकडा सुंदर दिसावा म्हणून जी खटपट आपण करतो, तिची किंमत कोण मोजतं हे बघायला हवं. फारच वाटलं तर स्किमरच्या हवेच्या तोंडाला सोडा लाइमचा डबा लावता येतो, तो घरातल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. त्याचा खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला.

पाण्यासाठी काही विशेष केलं नाही. चौथा हिस्सा पाणी आठवड्याच्या अंतराने तीनदा बदललं, आणि रिअ‍ॅक्टरमध्ये भरपूर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवून तो वरचेवर बदलत राहिलो. पायरेथ्रॉइडना पाण्यात राहायला आवडत नाही, ती गाळाला, पृष्ठभागांना, कार्बनला चिकटतात. म्हणून कार्बन इथे खरंच कामाचा. वाळूतला गाळही थोडा थोडा ओढून काढला.

सोसायटीशी बोलणं जास्त नाजूक होतं. ताईंच्या मजल्यावरच्या एका लहान मुलीला डेंग्यूने चार दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. अशा वेळी माझ्या कोळंब्यांसाठी फवारणी थांबवा असं कुणी म्हणू नये, आणि ताईंनी म्हटलंही नाही. त्यांनी मीटिंगमध्ये दोनच गोष्टी मागितल्या: फवारणीची वेळ आणि औषधाचं नाव आदल्या दिवशी ग्रुपवर टाकावं, आणि धुराच्या आधी आवारातलं साचलेलं पाणी काढावं. दुसरी मागणी डेंग्यूच्या दृष्टीनेही जास्त महत्त्वाची होती. धूर उडता डास मारतो, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साध्या स्वच्छ पाण्यात, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. मग सगळ्यांनी मिळून गच्ची, कुंड्या, जुने टायर साफ केले. मंडळींना गप्पी मासे हवे होते, ते मी आणून दिले.

इथे टँकवाल्यांनी स्वतःच्या घरातलं एक पाणी विसरू नये. खाऱ्या, सतत हलत्या पाण्यात एडिस अंडी घालत नाही, पण बाष्पीभवन भरून काढायला आपण आर.ओ.च्या गोड्या पाण्याचं जे पिंप बाजूला ठेवतो, ते त्याला अगदी मनासारखं असतं. ताईंच्या पिंपावर नुसता कापडाचा तुकडा होता. आता घट्ट झाकण आहे. ते फक्त डासांसाठी नाही. महापालिकेचा तपासनीस घरोघर येऊन साठवणीच्या पाण्यात टेमेफॉस (डासांच्या अळ्या मारणारं औषध) टाकून जाऊ शकतो, आणि ते पाणी ऑटो टॉप-अपने (कमी झालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राने) टँकमध्ये गेलं की पुन्हा तीच गत. टेमेफॉस वेगळ्या कुळातलं आहे, पण कोळंबीला ते ओळखीचंच विष. झाकलेलं, अळ्या नसलेलं पिंप बघितलं की तपासनीसही पुढे जातो.

नवे प्राणी आणायची घाई केली नाही. सप्टेंबरभर दर शुक्रवारी रात्री टॉर्च. महिनाअखेरीस काचेवर पहिले कोपेपॉड दिसले, बहुधा दगडांच्या पोटात थोडे वाचले असावेत. मी माझ्या टँकमधला शेवाळाचा एक गुंताळा त्यांच्या संपमध्ये टाकला. दिवाळीआधी तीन हर्मिट सोडले, ते टिकले. मग एक क्लीनर कोळंबी. तिने डिसेंबरात धड कात टाकली, तेव्हाच दुसरी आणली. गोबी मधल्या काळात फार बिचकलेला होता. त्याला दूरचं चांगलं दिसतं पण बीळ खणता येत नाही, कोळंबी खणते पण तिला नीट दिसत नाही. ती गेल्यावर बीळ ढासळलं आणि तो दगडाच्या कपारीत बसून राहायचा, खायलाही नाखुशीने यायचा. त्याला नवी पिस्टल कोळंबी जानेवारीत मिळाली. रात्रीतून दोघं एका बिळात होते.

सोसायटीच्या त्या मीटिंगमध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. दुसऱ्या मजल्यावरचा एक कॉलेजचा मुलगा गोड्या पाण्यात लाल चेरी कोळंब्या पाळतो. जुलैपासून त्याच्याही मरत होत्या, मासे आणि गोगलगाई मात्र जिवंत. तो बिचारा खताला आणि नळाच्या पाण्याला दोष देत होता. त्याचा हवेचा पंप खिडकीच्या कठड्यावर होता, त्याच झाडांच्या रांगेसमोर. ताईंनी मीटिंग संपल्यावर तिथल्या तिथे त्याला सगळं समजावलं. त्याने पंप उचलून पुस्तकांच्या कपाटावर ठेवला, आणि आता ग्रुपवर फवारणीचा निरोप आला की पहिला फोन तो ताईंना करतो.